हैबती दुसऱ्या अंकात मरतो

५ जानेवारी, रविवार

आज यात्रेच्या नाटकातील रोल वाटले गेले. नाटक देवमनकाकांनी स्वतः लिहिले आहे, 'वैऱ्याच्या दारी वरात'. दोन घराण्यांचे वैर, त्यांच्या पोरापोरीचे प्रेम, शेवटी दोघेही जातात. सगळ्यांच्या संवादांच्या नकला मीच स्वच्छ अक्षरात उतरवून दिल्या. त्यात हिरोचे संवाद आपोआप पाठ झाले, त्यामुळे हिरो मलाच मिळणार याची खात्री होती.

हिरो स्वप्निलला दिला. स्वप्निल माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याचे मोबाइलचे दुकान आहे आणि केस चांगले आहेत.

मला हिरोचा मित्र हैबती. काका म्हणाले, हैबती म्हणजे फटाका. तोंडाने हसवतो, डोक्याने पेटतो आणि मित्रावरचा वार स्वतःच्या पोटावर घेऊन दुसऱ्या अंकात मरतो. मी सांगितले की माझा स्वभाव शांत आहे. काका म्हणाले, "म्हनूनच तुले देल्ला. तुह्यासारखं गप पोट्टं पेटलं का पब्लिक हादरते." नंतर पाणी पिताना ते नाटकातल्याच पवनला सांगत होते की भागवत रोज तालमीला येईल, बाकी कोणाचा भरवसा नाही. ते कारण दुय्यम असावे.

विचार केल्यावर लक्षात आले की नाटकाचा खरा आधार हैबतीच आहे. हिरो तर शेवटी सगळेच असतात.

संकल्प: यात्रेपर्यंत विनोदी आणि तापट होणे.

८ जानेवारी

टाइमटेबल केले. सकाळी भाजी तोडताना विनोद. संध्याकाळी पाणी देताना संताप. जेवणानंतर दोन्ही एकत्र.

आज लाइट नव्हती, म्हणून पाणी दिले नाही. त्यामुळे संताप राहिला.

१६ जानेवारी

अनसिंगच्या बाजारात पहिला प्रयोग. गोमतीबाई म्हणून एक गिऱ्हाईक आहे. प्रत्येक वांगे दाबून, उलटे करून, देठाकडून वास घेऊन पाहते आणि अर्धा किलो घेते. तिच्यासाठी विनोद कालच तयार ठेवला होता. ती बसताच म्हणालो, "मावशी, वांगे घेऊन राह्यल्या का जावई पाहून राह्यल्या?"

टायमिंग बरोबर होते. आजूबाजूची दुकाने हसायला लागली तेवढ्यात ती म्हणाली, "जावई न पाहता केला बाप्पा, तो सडका निघाला. म्हनून आता वांगे पाहून घेतो."

मग सगळे खरे हसले. ती पुढे म्हणाली, "तुहं जमलं का नाई कुठं अजून?" मी तिला कोथिंबिरीची एक जुडी वरून दिली. तिने दुसरी मागितली, तीही दिली.

तरीही विनोद माझाच होता. तिने तो फक्त पुढे नेला.

२१ जानेवारी

तालीम. भुजंगशी भांडणाचा प्रवेश. भुजंग म्हणजे व्हिलन, तो पवन करतो. पवन घरोघर पाण्याचे कॅन पोहोचवतो आणि त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे. मला त्याची कॉलर धरून म्हणायचे होते, "भुजंगा, तुझ्या वाड्याचा चिरा न् चिरा उखडून टाकीन!" कॉलर धरली. तिचे वरचे बटण सैल होते. तुटेल म्हणून जरा हलके धरले.

काका ओरडले, "हैबती, तू भांडून राह्यला का बँकेत फॉर्म मांगून राह्यला?"

सगळे हसले. स्वप्निल हसला नाही. नंतर म्हणाला, "होईन लेका, टेन्शन नको घेऊ." त्याला बोलायला काय जाते? त्याला फक्त प्रेम करायचे आहे.

२२ जानेवारी

रोल सोडायचे ठरवले. कारण: घसा. उद्या काकांना ठामपणे सांगणार.

२३ जानेवारी

बसस्टँडवर फ्लेक्स लागला. सगळ्यांचे फोटो आहेत. माझा खाली कोपऱ्यात, दहावीच्या हॉल तिकिटावरचा. खाली लिहिले आहे, 'हैबतीच्या भूमिकेत: भागवत'. त्यापुढे दोन उद्गारचिन्हे. एक पुरे होते.

काका फ्लेक्ससमोर उभे राहून लोकांना माझा फोटो दाखवत होते. घशाचे बोललो. त्यांनी तिथल्या तिथे गुळण्यांसाठी हळद सुचवली आणि विषय बदलला.

२९ जानेवारी, बुधवार

मामांचा फोन. स्थळ आहे. किन्हीराजाचे रामराव, त्यांची मुलगी निकिता. बी.कॉम. झाली आहे. आधीच्या दोन्ही ठिकाणी पोरगा भाजीवाला म्हणून नको म्हणाले होते, आणि त्यातल्या एकांनी भाजी मात्र नेली. या लोकांना शेती चालते. घरची बागायत आहे म्हटल्यावर खूश झाले.

पण रामरावांची एक अट आहे. त्यांना नाटकाचा नाद आहे. मामा फोनवर त्यांची नक्कल करून सांगत होते: "चहा-पोह्याले बसलं का सारेच पोट्टे गरीब गाय असतात. पोरगा स्टेजवर समजते." म्हणून ते पोरीला घेऊन यात्रेलाच येतील आणि नाटकात मला पाहतील. जमले तर घरी येतील. नाही जमले तर यात्रेला आले होते, एवढेच. कोणाला कळायचे कारण नाही.

म्हणजे रोल सोडला तर स्थळ गेले. आणि रोल केला तर रामराव मला रोलमध्ये पाहणार.

आई एकदम खूश. म्हणाली, "बाप्पा, माह्या पोराले स्टेजवर पाहून कोन नाई म्हन्ते?" तिने अजून एकही तालीम पाहिलेली नाही.

हे कोणालाही सांगायचे नाही. स्वप्निललाही नाही. नजर लागते.

२ फेब्रुवारी

मला मारायला हत्यार कोणते, यावर बैठक. पत्र्याची तलवार खेळण्यातली दिसते. पवन म्हणाला, भागवतच्या घरी लग्नाची कट्यार आहे, मुठीला चांदी लावलेली. काकांचे डोळे चमकले.

ती बाबांच्या लग्नातली आहे. बाबा गेल्यापासून आईने ट्रंकेत लाल फडक्यात गुंडाळून ठेवली आहे, माझ्या लग्नासाठी. मी मागितली तर आई म्हणाली, "भागवता, थे नवरदेवाच्या हातात असते. तू पोटात खुपसून घेतो का? अपशकुन होते बाबा."

तिला समजावले की आपण एकविसाव्या शतकात आहोत. शिवाय रामरावांसमोर हत्यार घरचे असलेले बरे. आईने दिली, पण देताना कट्यारीला हळदकुंकू लावले आणि माझ्याकडे पाहिले नाही.

३ फेब्रुवारी

कट्यारीचे टोक तपासले. धारदार आहे. टरबुजावर प्रयोग केला. टरबूज वाचले नाही.

५ फेब्रुवारी

नियम केला. वरातीत नवरदेवाच्या कट्यारीला लिंबू खोचतात तसे तालमीतही टोकाला लिंबू राहील. लिंबू मी घरून आणणार, मीच खोचणार आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी मीच काढणार. दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. जबाबदारी एकाकडेच असली म्हणजे चूक होत नाही.

पवन म्हणाला, "मंग मुंडावळ्याही बांधू का तुले?"

यावर हैबती काय म्हणाला असता ते घरी आल्यावर सुचले. चांगले होते.

१२ फेब्रुवारी

म्हशीवर संताप करून पाहिला. तिने शेण टाकले आणि रवंथ चालू ठेवला. चेहऱ्यावर मात्र थोडा परिणाम दिसला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

महत्त्वाची घडामोड. काल तालमीनंतर स्वप्निलला सहज विचारले की रोल बदलायचा का. का, ते सांगितले नाही. तो लगेच म्हणाला, "घे ना बे. मले कुठं हौस आहे? तुले तर माहे सारे डायलॉग पाठ आहेत. काकाले मी सांगतो."

इतक्या सहज होईल असे वाटले नव्हते. रात्रभर विचार केला. हिरो तिसऱ्या अंकात, हिरॉइन करायला अकोल्याहून येणाऱ्या बाईंचा हात धरतो. दोनदा. रामराव समोर बसलेले असताना, आणि त्यांची मुलगीही, मी परक्या बाईचा हात धरणे बरे दिसेल का? हैबती कोणाचा हात धरत नाही. हैबती चारित्र्यवान आहे.

सकाळी दुकानात जाऊन नाही म्हणून सांगितले. स्वप्निल म्हणाला, "जशी तुही मर्जी."

या निर्णयामुळे स्वतःबद्दल आदर वाढला.

२४ फेब्रुवारी

उलटी. हे टेन्शन नसून वांग्याची भाजी असावी.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्री

नाटक उद्या. स्टेज झाले आहे. खोकल्याच्या गोळ्या, रुमाल, जादा रुमाल, कट्यार, लिंबू, जादा लिंबू, सेफ्टी पिन, सगळे एका पिशवीत. मरतानाचे भाषण आरशात बिनचूक झाले. भाषण असे: पोटात कट्यार असतानाही हैबती भुजंगच्या मिशीवर विनोद करतो, दोन्ही घराण्यांना शाप देतो आणि मित्राच्या मांडीवर प्राण सोडतो. हसता हसता पब्लिकच्या डोळ्यांत पाणी यायला हवे.

येईल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल प्रयोग झाला. एकंदरीत यशस्वी. तपशील असे.

रामराव पहिल्या रांगेत होते, पांढरा फेटा. शेजारी निकिता, तिच्या शेजारी आमची आई. पहिल्या अंकात माझे तीन विनोद होते. एकाला हसू आले, पण तेव्हा स्टेजवर कुत्रे आले होते.

दुसरा अंक. पवन कट्यार घेऊन स्वप्निलवर धावला. मी मध्ये पडलो. पवनने वार केला आणि पब्लिक फुटले. आधी वाटले, मी भारी केले. मग खाली पाहिले. टोकावर लिंबू होते.

पडदा उघडण्याआधी मी पिशवीतल्या सगळ्या वस्तू तपासल्या होत्या. कट्यार तोपर्यंत पवनकडे गेली होती आणि हे लिंबू तिच्या टोकावर होते. म्हणून ते तपासण्यात आले नाही.

पवनचा दंड मोठा आहे. लिंबू पोटावर फुटले आणि रस दोन्ही डोळ्यांत गेला. मागून कोणी ओरडले, "नवरदेवाले मारलं रे!" मिशीवरचा विनोद आठवला, पण तोंडातून फक्त "डोये, डोये" एवढेच निघाले. असाच मेलो.

शिट्ट्या. वन्समोर. मेलेल्या माणसाला वन्समोर मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. काका विंगेतून म्हणाले, "ऊठ, ऊठ! पब्लिक मांगून राह्यली, पुन्हा मर!"

उठलो. पवनने आता लिंबाचे साल उपटून फेकले होते आणि तो जोशात होता. अर्धवट उघड्या डोळ्यांना उघडे टोक दिसले. टरबूज आठवले. पवन माझ्यापर्यंत पोहोचण्याआधीच मी मेलो.

याला आणखी वन्समोर होता, पण काकांनी हात जोडले.

मग स्वप्निलने माझे डोके मांडीवर घेतले. मला माझे भाषण बोलता आले नव्हते. ते त्यानेच सुरू केले. म्हणाला, हैबती, तू असतास तर आता या भुजंगच्या मिशीवर काय बोलला असतास, आणि माझाच विनोद बोलला. मग दोन्ही घराण्यांना माझाच शाप दिला. ते त्याला पाठ होते हे मला माहीत नव्हते. रोज तालमीत ऐकून झाले असावे. पब्लिक आधी हसले, मग बायांच्या बाजूने नाक ओढल्याचे आवाज आले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मेलेल्याचे डोळे वाहू नयेत म्हणून त्याने आपला शेला माझ्या तोंडावर टाकला.

यानंतर पडदा पडायचा होता. दोरी अडकली. पडदा अर्ध्यावर लोंबकळला आणि प्रेत बाहेर राहिले. तेवढ्यात माइकवर आहेर सुरू झाले. आमच्या यात्रेत आहेर सुरू झाले की नाटक थांबते. शेल्याखाली काही दिसत नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते.

"किन्हीराजा येथील रामरावजी यांच्याकडून विश्वासच्या भूमिकेला शेला, टोपी आणि नारळ!"

विश्वास म्हणजे स्वप्निल. रामराव स्वतः स्टेजवर चढले. फळ्या माझ्या पाठीखाली दबल्या. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! मित्र मेला तं असं रडावं. कोनाचा हाय हा पोरगा?"

कोणीतरी सांगितले.

"लगन झालं का?"

पब्लिक हसले. स्वप्निल म्हणाला, "नाई जी."

उठून सांगावे असे एकदा वाटले. की मामांनी ज्याचे स्थळ सुचवले, तो मी. की भाषणही माझे. उजव्या हाताची बोटे थोडी हललीही. पण मेलेला माणूस उठला तर पुढे नाटक कसले? हिरो सूड कोणाचा घेणार? आणि काकांचे वर्षभराचे काम. मी पडून राहिलो.

खाली उतरताना रामराव थांबले. म्हणाले, "या मेलेल्यालेही एक नारळ द्या. लय हसवलं यानं." माझ्या छातीवर नारळ ठेवला. श्वासाबरोबर तो वर-खाली व्हायला लागला आणि पब्लिकने पुन्हा शिट्ट्या मारल्या. पडदा सुटेपर्यंत मी श्वास फार कमी घेतला. त्या बाबतीत अभिनय निर्दोष झाला.

घरी येताना आईला शेवटी विचारले तेव्हा म्हणाली की पोरगी तू मेला तेव्हा डोळे पुसेपर्यंत हसली. म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी आले. हैबतीकडून अपेक्षा तीच होती.

२ मार्च

किन्हीराजाहून निरोप नाही. पण नारळाचा विचार केला पाहिजे. सोयरिकीत आधी नारळच देतात. चारचौघांत, माइकवर, सन्मानाने दिला. स्वप्निललाही दिला हे खरे, पण त्याच्याबरोबर शेला-टोपी होती. मला फक्त नारळ. यातच काय ते आले.

आईने तो नारळ फोडायला घेतला होता. मी ठेवून दे म्हणालो.

६ मार्च

मामांचा फोन. आईने घेतला. ती फक्त "हो", "हो", "बरं" म्हणाली. मग बाहेर जाऊन गवारीला पाणी देत बसली. गवारीला सकाळीच दिले होते.

९ मार्च, रविवार

स्वप्निलने दुकानात बोलावले. शटर अर्धे खाली केले, चहा मागवला. म्हणाला, किन्हीराजाचे ते रामराव घरी येऊन गेले. पोरगी चांगली आहे, त्याच्या घरचे तयार आहेत. मग चहाकडे पाहत म्हणाला, "भागवत्या, एक इचारतो. कोनी तरी म्हन्ते का थे लोक आधी तुह्यासाठी आल्ते. खरं सांग. तसं असन तं मी आत्ताच फोन लावून नाई म्हन्तो. आई शप्पथ."

फोन त्याच्या हातातच होता.

मी म्हणालो, "नाई बे. कोन सांगतलं?"

त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हणालो. मग त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला की त्याला दोन दिवस झोप नव्हती.

हैबतीने हेच केले असते. वार स्वतःवर घेतला असता. काही लोक म्हणतील की तोंड उघडायची हिंमत झाली नाही. पण चहा फार गरम होता आणि असे विषय घाईत बोलू नयेत.

घरी आईला सांगितले. तिने ठेवलेला नारळ खाली काढला. मग म्हणाली, "मंग रोल तं बराबर केला तू." आणि नारळ फोडला. खवट निघाला.

१५ मार्च

रस्त्याने लहान पोरे मला पाहून "डोये, डोये" ओरडतात. प्रसिद्धीचा हा भाग अपेक्षितच होता. दुर्लक्ष.

२ एप्रिल

देवमनकाकांनी पुढच्या वर्षीचे नाटक आताच सुरू केले आहे. मला विचारायला घरी आले. हिरोच्या मित्राचाच रोल आहे, पण या वेळी तो आंधळा आहे. पहिल्याच अंकात जातो. काका म्हणाले, "पब्लिक तुले मरतानाच पाह्याले येते आता."

नाही म्हणून ठामपणे सांगायचे ठरवले आहे. नकला उतरवायला मात्र घेतल्या.

१८ एप्रिल, शुक्रवार

लग्न परवा, किन्हीराजाला. स्वप्निल आज येऊन गेला. मंडपात त्याच्या मागे मीच उभे राहायचे, दुसरे कोणी चालणार नाही, असे म्हणाला. मी विचारले, काय काय करावे लागेल? म्हणाला, "काई नाई लेका, फक्त उभं राह्य. डायलॉग नाई."

जाताना ओशाळून म्हणाला की त्याच्या घरी कट्यार नाही. सोनाराकडची पाहिली, पण ती हलकी वाटते. आईने ऐकले. आत गेली, ट्रंक उघडली, लाल फडक्यासकट कट्यार आणून त्याच्या हातात दिली. वर म्हणाली, "सांभायून नेजो बाबा. सुखी राह्य."

लिंबू माझ्याकडे आहे. आमच्याच झाडाचे. दहा-बारा दाबून पाहिले, वास घेतला आणि कमी रसाचे पाहून एक काढून ठेवले आहे.